रोजंदारीवरचा बेसबॉल : मायनर लीगमधल्या 'जर्नीमन'बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीत पाहुणे आले की त्यांना ब्रिजवॉटरचं बालाजी मंदिर दाखवायचं, हा इथल्या मराठी घरांचा शिरस्ता आहे. त्याच गावात रेल्वे स्टेशनला लागून बेसबॉलचं एक आटोपशीर मैदान आहे. तिथे मात्र फारसं कुणी नेत नाही. मी नेते. मेजर लीगमधल्या, म्हणजे बेसबॉलच्या सर्वांत वरच्या लीगमधल्या न्यूयॉर्क यँकीजच्या हाताखालचा सॉमरसेट पेट्रियट्स हा संघ तिथे खेळतो. पाहुणे नाचोज संपेपर्यंत गप्प असतात. मग कुणीतरी विचारतंच, "हा चांगला बाप्या दिसतोय की, हा अजून खालच्या संघात काय करतोय?" अशा बाप्यांना 'जर्नीमन' म्हणतात. त्यांच्याबद्दलचे प्रश्न दर उन्हाळ्यात तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. खेळाचे नियम इथे सापडणार नाहीत, ते कुठेही मिळतील.

जर्नीमन म्हणजे गावोगाव फिरणारा खेळाडू ना?

नावात 'जर्नी' आहे म्हणून सगळ्यांना तसं वाटतं. मलाही कित्येक वर्षं तसंच वाटायचं. पण या शब्दामागचा जुना फ्रेंच शब्द 'दिवस' या अर्थाचा आहे. युरोपातल्या कारागिरांमध्ये तीन पायऱ्या असत. आधी उमेदवार, मग जर्नीमन, मग उस्ताद. ज्याची उमेदवारी संपली आहे, हातात कसब आहे, पण स्वतःचं दुकान नाही आणि म्हणून जो दुसऱ्याच्या दुकानात दिवसाच्या मजुरीवर राबतो, तो जर्नीमन. सरळ मराठीत सांगायचं तर रोजंदारीवरचा कारागीर.

फिरणं हा त्याचा छंद नव्हे. जिथे काम तिथे जायचं, म्हणून तो फिरतो. पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं या एका शब्दातच आहेत.

मायनर लीग म्हणजे आपली रणजी का? आणि हे म्हणजे सगळे अमोल मुझुमदार?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि माझं उत्तर अर्धं हो, अर्धं नाही असं आहे. मुझुमदारने १९९४ मध्ये मुंबईकडून पदार्पणातच २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीत ११ हजारांच्या वर धावा जमवल्या, शेवटी आसाम आणि आंध्रकडूनही तो खेळला. भारताची टोपी मिळाली नाहीच. दारापर्यंत जाऊन उभं राहण्याचं दुःख दोन्हीकडे सारखंच.

पण मुंबईला रणजी करंडक जिंकायचा असतो. ती स्पर्धा कुणाची नोकर नाही. मायनर संघाचं तसं नसतं. मैदान, तिकिटं, खाणंपिणं, शुभंकराच्या वेषातला नाचणारा माणूस हे सगळं स्थानिक मालकाचं. खेळाडू, प्रशिक्षक आणि त्यांचे पगार मात्र वरच्या क्लबचे. कोण कुठल्या जागी खेळणार, कोण किती चेंडू टाकणार, हेही वरूनच ठरतं. संघ अजिंक्यपदाच्या उंबरठ्यावर असला आणि वरच्या क्लबला त्याच आठवड्यात त्याचा सर्वांत चांगला पिचर, म्हणजे गोलंदाज, हवा असला, तर तो जातो. गावातले प्रेक्षक हळहळतात, पण कुणी तक्रार करत नाही. तो जाण्यासाठीच तर इथे आलेला असतो.

वरपर्यंत पायऱ्या किती?

२०२१ च्या फेररचनेनंतर मेजर लीगच्या ३० क्लबांचे प्रत्येकी चार, असे १२० संघ आहेत: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए. त्याखाली फ्लोरिडा आणि ॲरिझोनातल्या सराव संकुलांमधल्या लीग, आणि त्याहीखाली डॉमिनिकन रिपब्लिकमधली उन्हाळी लीग. फेररचनेच्या वेळी चाळीसेक गावांचे संघ या साखळीतून गळाले. आमच्या शेजारच्या ट्रेंटनचा संघ तसाच गेला. यँकीजने तिथलं बिऱ्हाड उचलून ब्रिजवॉटरला आणलं. त्याआधी ब्रिजवॉटरचा हा संघ साखळीबाहेरच्या स्वतंत्र अटलांटिक लीगमध्ये खेळत असे. म्हणजे इथे खेळाडूच नव्हे, संघसुद्धा वर-खाली होतात.

वर जागा किती, तर ३० क्लब गुणिले २६ खेळाडू, म्हणजे ७८०. खालचे खेळाडू २०२२ मध्ये युनियनमध्ये आले तेव्हा ते पाच हजारांहून अधिक होते.

मग तिशी उलटलेल्या, वर जाण्याची शक्यता नसलेल्या माणसाला क्लब ठेवतो तरी कशाला?

या प्रश्नासाठीच खरं तर हे सगळं लिहायला घेतलं.

समजा, क्लबने एका एकवीस वर्षांच्या पोरावर दहा-वीस लाख डॉलरचा बोनस लावला आहे. तो आज पिचिंग करणार. त्याचे चेंडू झेलायला कॅचर हवा, आणि तोही असा, ज्याच्या हातून ताशी ९८ मैलांचा खाली पडणारा चेंडू सुटत नाही. नाहीतर तो पोरगा तसा चेंडू टाकायलाच घाबरेल. त्याच्यामागे सात जण क्षेत्ररक्षणाला हवेत. समोर फलंदाजीला कुणीतरी हवं, ज्याला बाद करणं सोपं नाही, नाहीतर पोरगा शिकणार काय? डबल-ए संघात २८ जण असतात. त्यातले ज्यांच्याकडे क्लब खरोखर डोळे लावून बसलेला असतो असे चार-पाच, फार तर सात-आठ. बाकीचे का आहेत? त्या चार-पाच जणांना सामना खेळता यावा म्हणून. लग्न नवरदेवाचं असतं, पण वाजंत्री नसतील तर वरात निघत नाही.

अशा खेळाडूला इंग्रजीत 'ऑर्ग गाय', म्हणजे 'ऑर्गनायझेशन'चा माणूस, म्हणतात. मराठीत लिहिलं की गोठ्यातलं काहीतरी वाटतं, आणि खरं सांगायचं तर ते अगदीच चुकीचं नाही. दूध देते तोवर दावणीला.

ट्रिपल-एमधल्या जर्नीमनचं काम थोडं वेगळं. तो वरच्या क्लबची विम्याची पॉलिसी असतो. रात्री दहाला वरच्या संघातल्या कुणाचा घोटा मुरगळला, तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या जागी उभा राहील असा माणूस हवा. तिथे वीस वर्षांचं होतकरू पोर पाठवत नाहीत, त्याची घडण बिघडेल म्हणून. बॅग भरून बसलेल्या तिशीतल्याला पाठवतात. तो चार दिवस उभा राहतो, घोटा बरा होतो, तो परत येतो. यातल्या काहींना 'फोर-ए' म्हणतात. अशी पायरी अस्तित्वात नाही. ट्रिपल-एला पुरून उरणारा, पण वर गेल्यावर कमी पडणारा, असा त्याचा अर्थ.

मला या माणसांबद्दल 'अपयशी' हा शब्द ऐकवत नाही. ज्या कामासाठी त्यांना ठेवलेलं असतं ते काम ते चोख करतात. फक्त ते काम आणि लहानपणी पाहिलेलं स्वप्न एक नसतं, आणि हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

पैसे किती मिळतात?

आता जगण्यापुरते. आधी तेवढेही नव्हते.

२०२१ च्या आधी खालच्या पायऱ्यांवर महिन्याला हजार-बाराशे डॉलर मिळत, तेही फक्त हंगामाचे पाच महिने. वसंतातल्या सराव शिबिराचा पगार नाही, हिवाळ्याचा तर नाहीच. २०१४ मध्ये ॲरन सेन या माजी खेळाडूने आणि त्याच्या साथीदारांनी किमान वेतनासाठी दावा लावला. तो चालू असतानाच, २०१८ मध्ये, दोन हजारांहून अधिक पानांच्या सरकारी खर्चाच्या विधेयकात एक छोटं कलम घुसवण्यात आलं: मायनर लीगच्या खेळाडूंना ओव्हरटाइमचे नियम लागू नाहीत. त्या तरतुदीचं नाव काय असावं? 'अमेरिकेचा राष्ट्रीय विरंगुळा वाचवा' अशा अर्थाचं. खेळाडूचा खिसा कापून खेळ वाचवायचा, ही युक्ती आपल्याकडच्या साखर कारखान्यांनाही सुचली नसती.

शेवटी २०२२ मध्ये दावा १८ कोटी ५० लाख डॉलरवर मिटला. त्याच वर्षी मायनर खेळाडू मेजर लीगच्या युनियनमध्ये गेले आणि २०२३ मध्ये त्यांचा पहिला सामूहिक करार झाला. त्यानुसार वर्षाचा किमान पगार सराव संकुलात १९,८०० डॉलर, सिंगल-एला २६,२००, हाय-एला २७,३००, डबल-एला ३०,२५० आणि ट्रिपल-एला ३५,८०० झाला. हे किमान आकडे. करार संपवून मोकळा झालेला अनुभवी जर्नीमन यापेक्षा जास्त मागू शकतो आणि त्याला मिळतातही. रुपयांत गुणाकार करून डोळे मोठे करू नका, इथे त्याच पैशात इथलं भाडंही द्यायचं असतं.

चार दिवसांसाठी वर बोलावलं तर त्याचा उपयोग काय?

इथे रोजंदारी अक्षरशः खरी होते. मेजर लीगचा किमान पगार २०२३ मध्ये वर्षाला ७ लाख २० हजार डॉलर होता, आणि तो दिवसाच्या हिशोबाने मिळतो. हंगामाचे १८६-१८७ दिवस धरले तर रोज जवळपास ३,९०० डॉलर. म्हणजे ट्रिपल-एचा अख्ख्या वर्षाचा किमान पगार वर सव्वानऊ दिवसांत सुटतो. म्हणून मे महिन्यात आठवडाभर वर जाऊन आलेल्या माणसाचं सगळं वर्ष सुधारतं.

शिवाय आणखी दोन आकडे प्रत्येक जर्नीमनला तोंडपाठ असतात. वर एक दिवस भरला की निवृत्तीनंतर आरोग्यविम्याच्या योजनेत शिरता येतं. ४३ दिवस भरले की पेन्शन लागू होतं. एकोणचाळीस-चाळीस दिवसांवर अडकलेला खेळाडू कुणाच्या दुखापतीची बातमी वाचतो तेव्हा त्याच्या मनात काय येत असेल, हे त्याला विचारू नये.

सारखे संघ का बदलतात? निष्ठा वगैरे काही नाही का?

निष्ठा हवी असेल तर ती दोन्हीकडून हवी. प्रत्येक क्लबची ४० जणांची मुख्य यादी असते. तिच्यात नाव असलेल्या खेळाडूला क्लब तीन वेगवेगळ्या हंगामांत न विचारता खाली पाठवू शकतो. याला 'ऑप्शन' म्हणतात, पण पर्याय क्लबचा, खेळाडूचा नव्हे. पूर्वी एकाच हंगामात कितीही वेळा वर-खाली करत. २०२२ पासून पाचाची मर्यादा आली. ऑप्शन संपलेल्याला खाली पाठवायचं तर आधी इतर क्लबांपुढे ठेवावं लागतं. कुणीही उचलू शकतं. आणि यादीत जागा करायची असली की एकाचं नाव काढून त्याला अधांतरी ठेवतात. आठवड्याभरात त्याची देवाणघेवाण होते, कुणीतरी त्याला घेतं, नाहीतर तो खाली जातो किंवा मोकळा होतो. तो आठवडा बायकोला काय सांगायचं, हा प्रश्नच असतो.

यादीत नाव नसलेल्यांचा मामला आणखी सरळ. पहिला करार संपायला सहा-सात हंगाम लागतात. त्यानंतर दरवर्षी वर्ल्ड सिरीज (मेजर लीगची अंतिम मालिका) उरकली की ते मोकळे, आणि फोनची वाट बघत बसायचं. फोन आला तर एका वर्षाचा मायनर करार, नशीब जोरात असेल तर वरच्या संघाच्या सराव शिबिराचं आमंत्रणही. बदलीच्या सरकारी नोकरीत निदान बदली तीन वर्षांनी होते.

यातला सर्वांत थोर कोण?

माझं उत्तर ठरलेलं आहे: माइक हेसमन.

१९९६ मध्ये अटलांटा ब्रेव्ह्जने त्याला ड्राफ्टच्या, म्हणजे क्लबांनी नवे खेळाडू निवडण्याच्या, पंधराव्या फेरीत घेतलं. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. उंचापुरा, ताकदीचा, चेंडू लागला तर कुंपणाबाहेर आणि नाही लागला तर हवेत बॅट. तो पुढची वीस वर्षं व्यावसायिक बेसबॉल खेळला. त्यात मेजर लीगचे सामने किती? १०९. ब्रेव्ह्ज, डेट्रॉइट टायगर्स आणि न्यूयॉर्क मेट्स मिळून १४ होम रन (चेंडू थेट कुंपणाबाहेर), आणि सरासरी .१८८, म्हणजे शंभर संधींमागे एकोणीस हिटही नाहीत. मेजर लीगच्या पिचरांना त्याच्या बॅटीतली भोकं लगेच सापडत. ट्रिपल-एच्या पिचरांनाही ती दिसत असत, पण दरवेळी नेमका त्या भोकातच चेंडू टाकणं त्यांना जमत नसे. दोन पायऱ्यांमधला सगळा फरक हाच आहे, आणि 'फोर-ए' म्हणजे काय हे हेसमनकडे बघून कळतं.

मधल्या काळात त्याने काय नाही केलं? २००७ मध्ये तो ट्रिपल-एमधल्या इंटरनॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या अमेरिकन संघात होता. २०११ मध्ये जपानला ओरिक्स बफेलोजकडे गेला, परत आला. २०१४ मध्ये त्याने इंटरनॅशनल लीगमधला ऑली कार्नेगीचा २५८ होम रनांचा जुना विक्रम मोडला. ओहायोतल्या टोलेडो गावचा मड हेन्स हा संघ, म्हणजे 'चिखलातल्या पाणकोंबड्या', हे त्याचं माहेर झालं होतं.

३ ऑगस्ट २०१५. टोलेडोचंच मैदान, समोर लीहाय व्हॅली आयर्नपिग्ज, तिन्ही बेसवर खेळाडू. हेसमनने ग्रँड स्लॅम मारला. मायनर लीगमधला त्याचा तो ४३३ वा होम रन. अमेरिकेतल्या मायनर लीगमध्ये १९३७ पासून बझ आर्लेटच्या नावावर ४३२ चा विक्रम होता, तो मोडला. मेक्सिकोतल्या लीग धरल्या तर हेक्टर एस्पिनोचे ४८४ आहेत, पण तो वेगळा हिशोब. हेसमनचा एकूण आकडा आजही ४३३ च आहे. म्हणजे विक्रमाचा फटका हाच शेवटचा ठरला. त्या हंगामात पुढे चेंडू कुंपणापलीकडे गेलाच नाही, आणि हंगाम संपल्यावर तो थांबला.

आर्लेटचीही कथा वाचण्यासारखी. मेजर लीगमध्ये त्याला एकच हंगाम मिळाला, १९३१ मध्ये फिलाडेल्फियाकडून. त्यात त्याने .३१३ च्या सरासरीने १८ होम रन मारले. तरी पुन्हा कुणी बोलावलं नाही. हेसमनला वर संधी मिळाली आणि जमलं नाही, आर्लेटला जमलं आणि संधी मिळाली नाही. दोघं एकाच तक्त्यात एकाखाली एक आहेत.

तेरा वर्षांनी वर गेलेला तो कोण? त्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाठवला होता.

ड्रू मॅगी. इंग्रजीत आडनाव अगदी नूडल्सच्या पुडीवरच्यासारखं, पण दोन मिनिटांत काहीच झालं नाही. २०१० मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने घेतलेला हा खेळाडू तेरा हंगाम आणि ११५५ मायनर सामने खेळून झाल्यावर एप्रिल २०२३ मध्ये वर गेला. २०२१ मध्ये मिनेसोटाने त्याला एकदा बोलावलं होतं, पण मैदानात उतरवलंच नाही; गणवेश घालून बसला आणि परत आला. २६ एप्रिलला पिट्सबर्गमध्ये डॉजर्सविरुद्ध तो अखेर फलंदाजीला आला तेव्हा सगळं मैदान उभं राहिलं. वय ३३. स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू न लागताच बाद, झाला. तरी टाळ्या थांबल्या नाहीत. तीन दिवसांनी वॉशिंग्टनमध्ये पहिला हिट मिळाला.

त्याच्याहून जास्त थांबलेला म्हणजे जॉन लिंडसे. १९९५ चा ड्राफ्ट, सोळा हंगाम खाली, आणि सप्टेंबर २०१० मध्ये डॉजर्सकडून पदार्पण. बारा वेळा बॅट चालवली, एक हिट. मग चेंडू हातावर बसून हाड मोडलं.

प्रवास बसने करतात म्हणे?

हो. इथल्या ईस्टर्न लीगचं एक टोक मेनमधलं पोर्टलंड, दुसरं व्हर्जिनियातलं रिचमंड. अंतर हजार किलोमीटरच्या वर. २०२१ पासून मंगळवार ते रविवार एकाच संघाशी सहा सामने आणि सोमवारी सुट्टी, अशी घडी बसवली म्हणून बरं. आधी तीन-चार दिवसांनी बस निघायची. रात्रीचा सामना साडेदहाला संपतो, आंघोळ, कागदी ताटलीत काहीतरी खाणं, बारापर्यंत सामान पोटात भरून बस सुटते आणि पहाटे कुठल्यातरी हॉटेलच्या दारात थांबते. वयाने मोठ्या खेळाडूला एकट्याला दोन सीटा, हा अलिखित नियम. शिवनेरीने पुणे-मुंबई करून कंबर धरणाऱ्यांनी कल्पना करावी की त्या कंबरेने संध्याकाळी तीन तास कॅचरसारखं उकिडवं बसायचंय.

मेजर लीगचा कुणी तारा दुखापतीतून सावरताना दोन-चार दिवस खाली खेळायला आला, तर जाताना सगळ्या संघाला तो चांगलंचुंगलं जेवण घालतो, अशी प्रथा आहे. त्या दिवशी त्या लॉकर रूममध्ये सण असतो.

हिवाळ्यात काय करतात?

जे मिळेल ते. काही जण शाळेत बदली शिक्षक होतात, कुणी गाडी चालवतात, कुणी गोदामात राबतात, बरेच जण शाळकरी मुलांना तासाच्या हिशोबाने बॅटिंग शिकवतात. ज्यांना बोलावणं येतं ते डॉमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएला, मेक्सिको, पोर्तो रिकोतल्या हिवाळी लीगमध्ये ऑक्टोबर ते जानेवारी खेळतात. तिथे मायनरपेक्षा पैसे बरे आणि प्रेक्षक कैकपटींनी जोशात. शरीराला मात्र विश्रांती कधीच नाही.

आणि घरसंसार?

२०२२ पासून क्लबांना बहुतेक मायनर खेळाडूंची राहायची सोय करावी लागते. त्याआधी हंगामापुरतं घर ज्याचं त्याने शोधायचं. तीन जणांच्या घरात सहा जण, हवा भरायच्या गाद्या, आणि महिन्यात एकाची बढती झाली की त्याचं भाडं बाकीच्यांच्या डोक्यावर. काही गावांत मायाळू कुटुंबं आपल्या घरातली खोली देत. त्या घरांशी खेळाडूंची नाती पुढे अनेक वर्षं टिकलेली दिसतात.

लग्न झालेल्यांचं अवघड. जूनमध्ये डबल-एला, जुलैत ट्रिपल-एला, ऑगस्टमध्ये दुसऱ्याच क्लबला. मुक्काम पोस्ट लिहायला पेन्सिलच बरी. बायकोची नोकरी हा बहुतेक घरांचा खरा पगार असतो, आणि बेसबॉलच्या आकडेवारीच्या कुठल्याच पानावर तिची नोंद नसते.

यात कुणी भारतीय होतं का?

होतं. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. उत्तर प्रदेशातले दोन भालाफेक करणारे. २००८ मध्ये 'मिलियन डॉलर आर्म' या स्पर्धेतून निवडले गेले, रिंकूला एक लाख डॉलरचं बक्षीस मिळालं, अमेरिकेत काही महिने शिकले आणि त्याच वर्षअखेर पायरेट्सने दोघांनाही करारबद्ध केलं. बेसबॉल हातात धरल्याला वर्षही झालं नव्हतं. २००९ मध्ये ते फ्लोरिडात सराव संकुलांमधल्या लीगमध्ये खेळले. दिनेशला २०१० मध्ये सोडलं. रिंकू टिकला, २०१२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या ए दर्जाच्या संघापर्यंत पोचला. मग दुखापतींनी गाठलं. २०१८ मध्ये तो कुस्तीच्या करमणुकीत, डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये गेला आणि 'वीर महान' झाला. कोलकात्याकडून षटकार मारणारा रिंकू सिंग वेगळा, हे दरवेळी सांगावं लागतं. जर्नीमन होण्याइतकी वर्षं दोघांनाही मिळाली नाहीत, पण बस आणि हॉटेल त्यांनीही अनुभवलं.

थांबतात कधी? पुढे काय?

बहुतेकांना थांबवलं जातं. मॅनेजरच्या, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाच्या, खोलीत पाच मिनिटं, हस्तांदोलन, बॅग. त्यानंतरही ज्यांचं मन मानत नाही ते स्वतंत्र लीगमध्ये एखाद-दोन वर्षं काढतात, कुणीतरी बघायला येईल या आशेवर.

खेळात राहायचं असेल तर प्रशिक्षकाची वाट आहे, आणि तिथे जर्नीमनला खरा मान मिळतो. हेसमन टायगर्सच्याच मायनर संघांत फलंदाजी शिकवू लागला. ब्रायन स्निटकरचं उदाहरण तर डोळ्यांत पाणी आणणारं. १९७७ मध्ये ब्रेव्ह्जकडे मायनरमधला कॅचर म्हणून आला, मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही, मग त्याच क्लबच्या खालच्या संघांत बसमधून फिरत दशकं काढली. २०१६ मध्ये साठीच्या घरात त्याला वरच्या संघाचा मॅनेजर केलं, तेही आधी तात्पुरतं म्हणून. २०२१ मध्ये त्याच्या संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली.

सामना बघायला जायचं तर या मंडळींना ओळखायचं कसं?

एप्रिल ते सप्टेंबर कधीही जा, तिकीट मोठ्या मैदानाच्या मानाने स्वस्त असतं. सामन्याच्या तासभर आधी पोचा आणि डगआउटजवळच्या (खेळाडू बसतात त्या जागेजवळच्या) जाळीपाशी उभे राहा. सर्वांत आधी बाहेर येणारा, सगळ्यांशी स्पॅनिशमध्ये दोन शब्द बोलणारा, ज्याच्या ग्लोव्हजचं चामडं काळं पडलंय, तो बहुधा तोच. नावाची यादी मात्र त्याच दिवशीची घ्या. गेल्या आठवड्याची चालत नाही.

गेल्या जुलैत माझ्या भाचीने १७ नंबरच्या खेळाडूची वहीवर सही घेतली होती. ऑगस्टमध्ये पुन्हा गेलो तेव्हा तिने त्याच पानावर तारीख लिहून घ्यायची म्हणून १७ नंबरला हाक मारली. वळला तो दुसराच कुणीतरी. तिने वही मागे घ्यायच्या आत त्याने ती हातात घेतली, वरची सही बघितली, हसला. "हा आता टेक्सासला आहे. काल फोन आला होता," म्हणाला, आणि त्या सहीखाली स्वतःची सही करून वही परत दिली. पानावर खाली बरीच जागा सोडली होती.